एल्विनाच्या गालावरच्या टिकल्या

तोंड रंगवून घेताना नवरीने हसायचं नाही, रडायचं नाही आणि बोलायचं तर मुळीच नाही, हा माझा नियम. पांढरं मलम सुकायच्या आत ओठ हलले की गालाला भेगा पडतात, आणि मग लोक नवरीला नाही, मला नावं ठेवतात. एक कार्टी माझ्या हाताखाली असताना शिंकली होती. तिच्या नाकावरच्या टिकल्या आम्ही चार बायका सतरंजीत शोधत बसलो होतो आणि बाहेर वरात खोळंबली होती. पुन्हा शिंकलीस तर अशीच पाठवीन, असं मी तिला सांगितलं. मग नाही शिंकली.

आमच्या गावात लग्नं हिवाळ्यातच होतात. उन्हाळ्यात तंबाखूपुढे कोणाला सवड असते? आणि पुरुष तरी कुठे असतात गावात? बर्फ पडायला लागलं की एकेक गाडी घाट चढून वर येते, कोणी जर्मनीहून, कोणी स्पेनहून, कोणी फ्रान्सच्या जंगलातून. मग घराघरांत आरडाओरडा सुरू होतो. बूट दारात काढ, आधी दाढी कर, किती वाळलायस, हे काय आणलंस, हे कशाला आणलंस. संध्याकाळी मी भांडी घासत असते तेव्हा सगळं ऐकू येतं. माझ्या घरात चुलीचा आवाज होतो, तोही लाकूड ओलं असलं तर.

माझा नवरा रिफात फ्रान्समध्ये झाडं तोडायला गेलेला. पहिली काही वर्षं दर हिवाळ्यात यायचा. घोरायचा, जेवण तोंडात घालायच्या आधीच त्यावर मीठ टाकायचा, आणि मी ओरडले की म्हणायचा, "तुझ्या आवाजाने कोंबड्या अंडी द्यायच्या थांबतील." मग एका हिवाळ्यात नाही आला. पुढच्याही नाही. रमजानच्या बायरामला, म्हणजे ईदला, फोन यायचा. कसा आहेस? बरा आहे. थंडी आहे का? आहे. कधी येणार? बघू. मग तो फोनही लागेनासा झाला. फोन हरवण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही, त्यामुळे मी म्हटलं, हरवला असेल. गावातल्या बायका म्हणायच्या, तिकडे दुसरी ठेवली असेल. त्यांच्या तोंडावर मी म्हणायचे, "ठेवू दे. तिलाही कळू दे तो किती घोरतो ते."

मूलबाळ आम्हाला झालं नाही. माझ्याकडे होती ती सासूची पेटी. पत्र्याची, आत पांढऱ्या मलमाचा डबा, भुवया काळ्या करायची कांडी, ओठांचा लाल रंग, आणि कप्प्याकप्प्यांत टिकल्या. लाल, निळ्या, हिरव्या, सोनेरी. नवरीचं सगळं तोंड आधी पांढरं करायचं, भिंतीला चुना देतात तसं, आणि मग ओल्या काडीने एकेक टिकली उचलून त्यावर फुलं मांडायची. फूल कुठलंही नाही मांडायचं. तिच्या रुखवतात आईने जे फूल भरलेलं असतं, उशांवर, चादरींवर, एप्रनवर, तेच गालावर उतरवायचं. त्यासाठी मी आदल्या दिवशी रुखवत बघायला जाते. लोक घोंगड्या मोजतात, मी टाके बघते.

आणि ही पेटी उघडणारी बाई सवाष्ण लागते. नवरा जवळ असलाच पाहिजे असं नाही, तसं म्हटलं तर आमच्या गावात कोणाचंच तोंड रंगलं नसतं. पण जिवंत हवा. विधवेचा हात नवरीच्या तोंडाला लागत नाही. माझ्या सासऱ्यांची मयत घरातून उचलली त्या दिवशी सासूने पेटी माझ्या मांडीवर ठेवली आणि पुन्हा तिला हात लावला नाही. त्यानंतर ती लग्नांना जायची, पण शेवटच्या बाकावर, जिथे लहान मुलांचे कोट टाकलेले असतात तिथे बसायची. कोट सांभाळायची. हिवाळाभर गाव मला बोलवायचं, हात धरून आत न्यायचं, पहिली कॉफी मला द्यायचं, ते त्या पेटीमुळे. आणि पेटी माझ्याकडे होती ती रिफातमुळे, तो कुठेतरी जिवंत होता म्हणून. हे मला चांगलं माहीत होतं. गावालाही माहीत होतं. म्हणूनच लग्न ठरलं की नवरीची आई पहिल्यांदा विचारायची, "रिफातची काही खबर?" काळजीने नव्हे, खात्री करून घ्यायला. मी म्हणायचे, "आहे. बरा आहे."

या हिवाळ्यात एल्विनाचं लग्न होतं. एल्विना म्हणजे समोरच्या काद्रिएची मुलगी. काद्रिए आणि मी एकाच वर्षी या गल्लीत सून म्हणून आलो. तिला दोन मुलं झाली, एक वेझदी आणि एक ही, आणि ही तर अर्धी माझ्याच घरात वाढली. सुईत दोरा ओवायला मी शिकवलं तिला. पहिला टाका घातला तो माझ्या चांगल्या परकरावर, कापायला लागला. तिच्या रुखवतातलं फूल पाच पाकळ्यांचं, लाल, मधे निळा ठिपका, आणि देठ एका बाजूला वाकलेला. काद्रिएने ते सगळीकडे भरलं होतं. लग्नाच्या पहिल्या दिवशी घराबाहेर लाकडी चौकटी उभ्या करून रुखवत टांगलं तेव्हा सबंध गल्लीत तेच फूल वाऱ्यावर हलत होतं. मी खालून बघत उभी राहिले आणि मनाशी म्हटलं, हे तोंड मी असं रंगवीन की लोक पुढची दहा वर्षं बोलतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टिकल्या निवडत बसले होते तेव्हा दार वाजलं. वेझदी होता. तोही फ्रान्सलाच असतो, यंदाच रिफातच्या टोळीत लागला होता, आणि परवाच बहिणीच्या लग्नाला आला होता. हातात टोपी, मान खाली.

"ये ना रे. पाय पूस आधी."

त्याने पाय पुसले, पण आत आला नाही. म्हणाला, "मावशी, आल्या आल्या भेटायला हवं होतं मी. गर्दीत राहून गेलं. अल्ला त्यांना जन्नत देवो, तुला धीर देवो."

"कोणाला जन्नत देवो? सणासुदीच्या दिवशी काय बोलतोस? कोण मेलं?"

त्याचं तोंड असं झालं की मला आधी वाटलं, याला घेरी येतेय.

"आईने..." तो म्हणाला. "आईने तुला सांगितलं नाही?"

मी त्याला आत बसवलं आणि कॉफी ठेवली. बाई गं, मला साखर किती घालू हे विचारलेलं आठवतंय. त्याने सांगितलं ते असं. वसंतात, पाऊस पडून गेल्यावर, उतारावर एक ओंडका सुटला. रिफात खाली होता. कोणी ओरडायच्या आत सगळं संपलं. त्यांनी त्याला तिथेच पुरलं, आपल्या माणसांच्या कबरस्तानात. वेझदीने आईला फोन केला. "तुला फोनवर कसं सांगायचं, मावशी? आईला म्हटलं, तू समोर बसून सांग, तिचा हात धरून सांग."

"कधी केलास फोन?"

"त्याच आठवड्यात."

मी मनात मोजायला लागले नाही. मोजायची गरजच नव्हती. उन्हाळाभर मी आणि काद्रिए तिच्या पडवीत तंबाखूची पानं ओवत बसलो होतो. हात चिकट, तोंडं चालू. मी रिफातच्या नकला करायचे. "येऊ दे एकदा, दारातच उभा करते की नाही बघ. आधी घोरून दाखव म्हणणार, मग आत घेणार." आणि काद्रिए हसायची. पानं खाली ठेवून, डोळे पुसत हसायची. मला वाटायचं, काय हसवते मी हिला.

वेझदी कॉफी न पिताच गेला. मी पेटी बंद केली, डोक्याला चांगला रुमाल बांधला, आणि समोर निघाले. चौकातून ढोल आणि सनईसारखा तो झुर्ना ऐकू येत होता, पोरं नाचत होती, टांगलेल्या चादरींवर बर्फाची भुरभुर पडत होती. खोटं कशाला बोलू, गल्ली ओलांडताना मनात आलं, आज गप्प बसावं. वेझदी बोलणार नाही. काद्रिए इतके महिने बोलली नाही. मी नेहमीसारखी आत जाईन, पहिली कॉफी घेईन, पोरीचं तोंड रंगवीन. कोणाचं काय बिघडणार आहे? विधवेच्या हाताचं ते सगळं मी मानते का, असं विचाराल तर काय सांगू. एरवी मानत नाही. पण ते तोंड एल्विनाचं होतं. उद्या तिच्या नवऱ्याला साधा ताप आला असता तरी मी रात्रभर भिंतीकडे बघत बसले असते.

दारात बायकांनी मला ओढूनच घेतलं. "आली गं आली! उशीर का एवढा? नवरी केव्हाची तोंड धुऊन बसलीय!" मी म्हटलं, "बसू दे. काद्रिए कुठे आहे?" काद्रिए ओव्हनमधून भात भरलेली भाकर काढत होती. मी तिला दंडाला धरून कोबीची पिंपं ठेवतात त्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

तिने माझ्याकडे नुसतं बघितलं आणि तिला कळलं.

"वेझदीने..." ती म्हणाली.

"वेझदीला नको बोलूस. तो पोरगा बरा आहे. तू सांग."

"लग्न झालं की सांगणार होते, हानिफे. देवाशपथ. उद्याच सांगणार होते."

"पोरीचं तोंड माझ्याकडून रंगवून घेऊन."

"हो!" ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढला, मग बाहेरच्या बायका आठवून पुन्हा खाली आला. "हो, घ्यायचं होतं रंगवून. तुझ्यासारखं कोणाला येतं? माझ्या जावेला देऊ? तिने मागच्या साली ती पोरगी रंगवली, दह्यात पडल्यासारखी दिसत होती. पण तेवढंच नव्हतं गं. मी तुला सांगायला निघाले होते, फोन आला त्याच दिवशी. तू दारात बसून टिकल्या निवडत होतीस. उन्हात. स्वतःशीच गुणगुणत होतीस. मी परत फिरले."

"का?"

"ती पेटी गेली की तुझ्याकडे काय राहतं?"

तिला थोबाडीत द्यावी असं वाटलं, आणि ती म्हणते ते खरं आहे म्हणून जास्तच वाटलं. कोबीचा आंबट वास नाकात बसला होता. बाहेर कोणीतरी काद्रिएला हाका मारत होतं.

"ते ठरवणारी तू कोण?" मी शेवटी म्हटलं.

"कोणी नाही. चुकले. पण आता ऐक माझं." तिने माझे दोन्ही हात धरले. "आपल्या तिघांशिवाय कोणाला माहीत नाही. आज रंगव. पुढच्या आठवड्यात साबिएची पोर आहे, तिलाही रंगव. पुढच्या हिवाळ्यातही रंगव. मी मरेपर्यंत तोंड उघडणार नाही. वेझदीही नाही उघडणार. कोणी विचारलं तर म्हण, बरा आहे."

"मग तो मरणार कधी, काद्रिए?"

तिने माझे हात सोडले.

"त्याला तिकडे परक्या मातीत घातलाय," मी म्हटलं. "मशिदीतल्या होजाने इथे त्याच्या नावाने काही वाचलं नाही. मी एक दिवस रडले नाही. मी त्याच्या नकला करत होते आणि तू हसत होतीस. तू सांगतेस तसं मी केलं तर म्हातारी होईपर्यंत मी सांगत फिरणार, बरा आहे, बरा आहे. त्याच्यासाठी रडायचं कोणी? तू? पिंपांच्या खोलीत?"

ती रडायला लागली. मी म्हटलं, "रडू नकोस. हात धू. साबणाने धू, कांद्याचा वास येतोय. तू रंगवणार आहेस."

"मी?"

"नवरा जिवंत आहे ना तुझा? बाहेर नाचतोय मघापासून. मग झालं."

"आई कधी रंगवते का पोरीला?"

"आया रडतात म्हणून रंगवत नाहीत. तू रडायचं नाहीस. माझ्यासमोर हसू शकलीस उन्हाळाभर, आता दोन तास डोळे कोरडे ठेव."

हे मी मुद्दाम बोलले. तिला लागावं म्हणूनच बोलले.

एल्विना मागच्या खोलीत खिडकीपाशी बसली होती, चकचकीत सलवार, लाल ओढणी, केस मागे बांधलेले. तिच्याबरोबर चार-पाच बायका होत्या. त्यांना मी बाहेर काढलं. "आज खोलीत गर्दी नको. मला घाम येतो." कुरकुरल्या, पण गेल्या. लग्नाच्या दिवशी, नवरीसमोर, कोणाच्या मरणाची गोष्ट काढायची नसते. त्यामुळे एल्विनाला सांगायचा प्रश्नच नव्हता. मी तिला म्हटलं, "डोळे मीट. आता होजाची दुआ होईपर्यंत उघडायचे नाहीत. आणि तोंड बंद."

"माहितेय गं, मावशी."

"बंद म्हटलं ना."

तिने डोळे मिटले. मी पेटी काद्रिएपुढे सरकवली आणि स्वतः बाजूच्या स्टुलावर बसले. मलम कसं लावायचं ते सांगितलं, कपाळापासून खाली, केसांच्या कडेला पातळ, नाकाच्या बाजूला जाड नको. काद्रिएने दोन बोटं डब्यात बुडवली. तंबाखूने बोटांची टोकं पिवळी झालेली, त्यांना ते पांढरं लागलं. दहा वेळा मला वाटलं, सरक, दे इकडे. माझे हात आपोआप पुढे जात होते, म्हणून मी ते मांडीखाली दाबून बसले.

"कपाळावर आधी मधली टिकली," मी म्हटलं. "सोनेरी. थोडी वर. अजून. बस. आता पाकळ्या. लाल घे. काडी ओली कर. एवढी नको, थेंब पडेल."

"इथे?"

"तिथे भुवई येणार आहे."

"मग इथे?"

"काद्रिए, आयुष्यभर भरतेस ते फूल! चादरीवर भरतेस तसं समज. पहिला टाका कुठे घालतेस?"

"मधे."

"मग मधे घाल. निळी."

तिने निळी टिकली गालाच्या मधोमध ठेवली, आणि एकदम तिचा हात बसला. भोवती लाल पाकळ्या आल्या, पाच. खोलीत बोलत होते ती मी एकटीच. डावीकडे, वर, थांब, ओली कर, दाब. माझा आवाज नेहमीसारखाच निघत होता, किंचित चिडका, आणि मला त्याचं नवल वाटत होतं. डोक्यात तो उतार आणि तो ओंडका होता, आणि तोंडातून येत होतं, हिरवी घे, देठासाठी हिरवी.

अर्धं तोंड झालं असेल तेव्हा एल्विना ओठ न हलवता म्हणाली, "मावशी."

"बोलायचं नाही."

"हे तुझे हात नाहीत."

काद्रिएची काडी हवेत थांबली.

"आईचे आहेत," एल्विना म्हणाली. "साबण लावलाय, तरी कांद्याचा वास येतोय. तू का नाही रंगवत?"

"बोटं आखडलीत थंडीने," मी म्हटलं. "म्हातारी झाले. तुझी आई शिकतेय. गप्प बस, नाहीतर गालाला भेग पडेल."

ती गप्प बसली. पण तिने मिटल्या डोळ्यांनी हात पुढे केला, चाचपडत, मला शोधत. लहानपणी सुई टोचली की असाच हात पुढे करायची, फुंकर घाल म्हणून. मी उठून बाजूला सरकले. तिच्या हाताला काही लागलं नाही, तेव्हा तिने तो परत मांडीवर ठेवला. मला आयुष्यात इतकं एकटं कधी वाटलं नाही. रिफात नव्हता त्या सगळ्या हिवाळ्यांतही नाही.

उजव्या गालावरचं फूल जरा तिरकं झालं. देठ भलत्या बाजूला वाकला. मी तसाच राहू दिला. रुपेरी झिरमिळ्या बांधल्या, ओठ लाल केले, भुवया काळ्या केल्या, म्हणजे काद्रिएने केल्या, आणि मग आम्ही दोघी मागे सरून बघत राहिलो. चांगली दिसत होती. माझ्या हातची नव्हती, पण चांगली दिसत होती.

चौकात सगळं गाव जमलं होतं. एका बाजूने नवरदेव आणि एका बाजूने आई, मधे एल्विना, डोळे मिटलेले, हातात आरसा. बायका मान उंच करून बघत होत्या. "हानिफे, यंदा कमाल केलीस हं!" "फूल बघा, हुबेहूब रुखवतातलं!" तिरका देठ एकीलाही दिसला नाही. मला त्याचाही राग आला. काद्रिए मागे वळून माझ्याकडे बघत होती आणि मी दुसरीकडे बघत होते.

होजाने दुआ मागितली. एल्विनाने डोळे उघडले, लोकांनी आरडाओरडा केला, ढोल सुरू झाला. आता तिच्या माथ्यावरचं संकट टळलं, आता बोलायला हरकत नाही, एवढंच माझ्या मनात आलं. आणि नेमकं तेव्हाच साबिएने माझी बाही धरली. वरच्या गल्लीतली साबिए, पुढच्या आठवड्यात जिच्या मुलीचं लग्न होतं ती. मुलगी तिच्या पलीकडेच उभी होती.

"अगदी असंच हवं हं आम्हाला," ती माझ्या कानात ओरडली, कारण ढोल शेजारीच बडवत होते. "लवकर ये सकाळी. कॉफी तयार ठेवते. रिफातची काही खबर? बरा आहे ना?"

काद्रिए नवरीला सोडून आमच्याजवळ येऊन उभी राहिली होती. तिने डोळ्यांनी मला विनवलं. म्हण गं. म्हण, बरा आहे. तोंडात शब्द तयार होता, सवयीचा होता, कितीतरी वर्षं तो आपोआप निघत आला होता. तो म्हटला असता तर साबिएने माझा दंड थोपटला असता आणि पुढच्या आठवड्यात मला हात धरून आत नेलं असतं.

"रिफात वारला," मी म्हटलं.

"काय?" साबिएला ऐकू आलं नाही. ती आणखी जवळ आली.

"मेला!" मी तिच्या कानात ओरडले. "माझा नवरा मेला! वसंतात मेला!"

पहिल्यांदाच ते माझ्या तोंडून निघालं, आणि तेही बाजारात भाव सांगतात तसं ओरडून. साबिएचा हात माझ्या बाहीवरून निघाला. दुसऱ्या हाताने तिने मुलीला मागे घेतलं, अगदी थोडं, एक पाऊलभर. मग लांबूनच म्हणाली, "अल्ला त्याला जन्नत देवो." बाई वाईट नाही. मुलीची आई आहे. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. पण ते एक पाऊल मला दिसलं.

मी घरी आले. कोणी अडवलं नाही, सगळे नाचत होते. पेटी काद्रिएकडेच राहिली होती. राहू दे म्हटलं. चूल विझली होती, ती पेटवली आणि रिफातचा कोट खुंटीवर होता त्याच्याकडे बघत बसले. बघून रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. त्याने तिकडे जाताना जुना कोट इथे का टाकला आणि नवा का नेला, यावरच डोकं अडकलं. जंगलात काम करायला नवा कोट!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हलवा करायला घेतला. घरात माणूस गेलं की आमच्याकडे कणीक लोण्यात भाजून हलवा करतात आणि त्याच्या नावाने घरोघर वाटतात. एकटीने करायचं काम नाही ते. एकीने हलवायचं आणि दुसरीने बसून गेलेल्या माणसाबद्दल बोलायचं, अशी रीत आहे. मी एकटीच हलवत होते. खांदा दुखायला लागला होता. गावात बातमी पोचली होती, खिडक्यांतून दिसत होतं ते, पण कालच्या लग्नाची वऱ्हाडं अजून घराघरांत होती आणि लग्नघरातून कोणी सरळ मरणाच्या घरी येत नाही.

काद्रिए आली. लग्नघर तिचंच, तरी आली. दारात उभी राहिली, मी ये म्हटलं नाही. मग आपणच बूट काढले, माझ्या हातातला चमचा घेतला आणि हलवायला लागली. मी स्टुलावर बसले.

"मी एकदा केलाय," ती म्हणाली, माझ्याकडे न बघता.

"काय?"

"हलवा. त्याच्या नावाने. वेझदीचा फोन आला त्या आठवड्यात. मला राहवलं नाही गं. असा कसा जाऊ द्यायचा माणूस? सगळ्या गल्लीत वाटला. लोकांना सांगितलं, माझ्या आईच्या नावाने आहे. मनात त्याचं नाव घेतलं."

"माझ्याकडे नाही आलीस?"

"आले होते. तू वाफ्यात रोपं लावत होतीस. हात मातीचे होते तुझे." तिचा आवाज बारीक झाला. "मी भरवला तुला. माझ्या बोटांनी."

मला आठवलं. ऊन होतं. मी उकिडवी बसले होते, तिने वाकून घास तोंडात घातला, आणि मी अजून एक दे म्हटलं. वर आणि म्हणाले होते, तुझ्या आईला मेल्यावर तरी गोड खाऊ घाल, साखर किती कमी घातलीस.

आणि मग आलं. छातीतून, पोटातून, कुठून कुठून आलं. मी गुडघ्यांवर डोकं ठेवलं आणि ओरडून रडले, कोणाची पर्वा न करता, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं. तो गेला होता, मी त्याच्या नावाचा घास खाल्ला होता, आणि मला माहीत नव्हतं. काद्रिएही रडत होती, पण हलवायची थांबली नाही, कारण थांबली असती तर करपलं असतं.

किती वेळाने ते मला माहीत नाही, मी तोंड पुसलं.

"कमीच होती साखर," मी म्हटलं. "आज नीट घाल."

तिने डबा उघडला आणि घालायला लागली. मी पुरे म्हणेपर्यंत घालत राहिली, आणि मी लवकर पुरे म्हटलं नाही.